पाया पूर्ण उंचीचा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा समितीचा आग्रह झाला. मी जन्मभर बँकेत कर्जप्रकरणं तपासली, लेखनाची सवय नाही. पण अलीकडे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचं चरित्र पुन्हा वाचलं आणि आपल्या जिन्याची आठवण झाली. ती का, ते शेवटी सांगतो.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ सालचा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करत त्यांनी बंगळुरूला बी. ए. केलं आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला आपल्या पुण्यात आले. १८८३ साली परीक्षेत पहिले आले आणि लगोलग मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. पहिली नेमणूक नाशिकला.

खडकवासल्याचं पाणी आपण रोज पितो. तिथला साठा वाढवायचा तर भिंत उंच करा, हे कोणीही सांगेल. विश्वेश्वरय्यांनी आधी सांडव्यावरून वाया जाणाऱ्या पाण्याचा विचार केला आणि स्वयंचलित दरवाज्यांचा आराखडा केला. ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी अडायचं, त्यावर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे. १९०३ साली ते तेव्हाच्या धरणावर बसले. भिंत न वाढवता साठा वाढला.

१९०८ साली मुसी नदीच्या पुरात हैदराबादेत हजारो माणसं दगावली. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. ते नुसतं शहराच्या काठावर बघत बसले नाहीत, पाणी येतं कुठून ते आधी पाहिलं. शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्याची त्यांची योजना, त्यातूनच उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. पूरही आटोक्यात आला, प्यायला पाणीही मिळालं.

१९०९ साली ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. कावेरीवर कन्नंबाडीला ४१.५ टीएमसीचं धरण योजलं होतं. मद्रास सरकारने हरकत घेतली आणि परवानगी मिळाली फक्त ११ टीएमसीची. तरी पाया घातला तो पूर्ण धरणाला पेलेल असाच! बँकेच्या भाषेत ही मंजुरीपेक्षा जास्त उचल. मी मॅनेजर असतो तर फाईल परत पाठवली असती. मद्रासनेही तक्रार केली, लवाद बसला, भांडण १९२४ च्या करारापर्यंत चाललं. पण करार झाला तेव्हा पाया तयार होता. आजचं कृष्णराजसागर त्यावरच उभं आहे. भिंत मागाहून चढवता येते, पाया मागाहून रुंद करता येत नाही.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९१३ साली निघालेली बँक ऑफ म्हैसूरही त्यांच्याच पुढाकाराची, म्हणून आम्हा बँकवाल्यांना ते जवळचे. १९५५ साली भारतरत्न मिळालं, १९६२ साली शंभरी ओलांडून ते गेले.

आता जिन्याची गोष्ट. आपल्या इमारतीचे नकाशे ठरत होते तेव्हा आर्किटेक्टने जिन्याशेजारी लिफ्टपुरती जागा मोकळी ठेवायला सुचवलं होतं. लिफ्ट नंतर बसवा, जागा आत्ता सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता. तीन मजल्यांना लिफ्ट कशाला, म्हणून मीच ती रेघ खोडायला लावली. तेव्हा आपण सगळे पन्नाशीच्या आतबाहेर होतो, दोन-दोन पायऱ्या चढत होतो.

आज माझी बायको गुडघ्यांमुळे फक्त दवाखान्याच्या दिवशी खाली उतरते. सोसायटीतल्या कोणी तिला जिन्याचं कारण विचारलं तर ती माझ्याकडे बघते, बोलत काही नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत बाहेरून लिफ्ट जोडण्याचा विषय आहे. त्यात आराखड्याच्या फीवर घासाघीस होईल, ही सवय मीच लावलेली. माझी विनंती एवढीच : त्या रकमेला कात्री लावू नका. जिना चढणाऱ्या प्रत्येकाला आणि आत्ता चढू न शकणाऱ्यालाही आधी विचारा, चार बैठका जास्त होऊ द्यात, मग कुदळ मारा.