चेंबूरच्या रानात पक्ष्यांचा नाद लागलेल्या सलीम अलींना शहाद्याच्या रानपिंगळ्याने मात्र चकवलं

नंदुरबार जिल्ह्यातलं प्रकाशा म्हटलं की तापी-गोमाईचा संगम आणि दक्षिण काशी आठवते. पक्षी बघणाऱ्यांना मात्र हा शहादा तालुका आठवतो तो रानपिंगळ्यासाठी. या छोट्याशा घुबडाने सलीम अलींसारख्या माणसालाही शेवटपर्यंत दर्शन दिलं नाही.

सलीम अलींचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना खेतवाडीच्या घरात वाढवलं. मे महिन्याची सुट्टी लागली की सगळा गोतावळा चेंबूरला मुक्कामाला जायचा. आज चेंबूर म्हणजे ट्रॅफिक आणि मोनोरेल, तेव्हा तिथे रान होतं. पहाटे अर्धवट झोपेत दयाळ पक्ष्याची शीळ कानावर पडायची. ती मनात अशी बसली, की म्हातारपणीही दयाळ गायला लागला की त्यांना चेंबूरच आठवायचं.

छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीचा किस्सा बहुतेकांना माहीत असतो. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. म्हणून १९०८ मध्ये पोरगं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पोहोचलं. पण रानाची ओढ त्याआधीच लागली होती.

१९३० मध्ये नोकरी गेली, तेव्हा सलीम अलींनी अलिबागजवळचं किहीम गाठलं आणि झाडावरची सुगरणीची घरटी बघत बसले. घरटं नर विणतो, मादी फक्त पसंत करते आणि एक बायको घरात आली की गडी दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्या बैठकीतून जगाला कळलं.

आता रानपिंगळा. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतरची एकमेव नोंद कर्नल मेनर्टझगेन यांची, १९१४ सालची, गुजरातमधल्या तापीकाठच्या मांडवीची. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, हाती काही लागलं नाही. लागणार कसं? मेनर्टझगेनने संग्रहालयातला डेव्हिडसनचाच नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. याच मेनर्टझगेनबरोबर सलीम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात पक्षी बघत फिरले होते!

१९८७ मध्ये सलीम अली गेले. पुढे पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, मांडवीचा नाद सोडला आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे त्या सहकाऱ्यांसह निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्याबोडक्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. तोही भरदिवसा.