पीटर मेडावर

सर पीटर मेडावर यांचा जन्म १९१५ साली ब्राझील देशात झाला. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या एका वैमानिकाच्या यातना पाहून त्यांचे मन कळवळले. दुसऱ्याची त्वचा रुग्णाच्या अंगावर का टिकत नाही, याचा शोध घेण्याचा त्यांनी निश्चय केला. त्याच दात्याची त्वचा पुन्हा लावल्यास ती पहिल्याहून लवकर नष्ट होते, असे त्यांना व शल्यविशारद गिब्सन यांना १९४३ साली आढळले. शरीर परक्याला ओळखते व ती ओळख विसरत नाही, हे यावरून दिसून आले.

१९४८ साली मेडावर यांनी सशाच्या डोळ्यातील पुढील पोकळीत परकी त्वचा ठेवली. रक्तवाहिन्या तिच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, तर ती जिवंत राही. बुबुळावरील काचेसारख्या पडद्याला पारपटल म्हणतात. निरोगी पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून नेत्रदानातून मिळालेले पारपटल अंध व्यक्तीच्या डोळ्यात बहुधा टिकते. तेथे रक्तवाहिन्या शिरल्या, तर मात्र शरीर त्याला नाकारण्याचा धोका वाढतो. हे मर्म जाणण्यास या प्रयोगाची मोठी मदत झाली.

१९६० साली त्यांना बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक लाभले. १९६९ साली पक्षाघात होऊनही १९८७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांची ज्ञानसाधना खंडली नाही.