विश्लेषण : पाय न कापता अडलेली धमनी उघडणारे डॉ. चार्ल्स डॉटर कोण होते?

पायाच्या धमनीत अडथळा निघाला की आज अँजिओप्लास्टीचा पर्याय समोर ठेवला जातो. १९६४ पूर्वी तो नव्हता. बायपास झेपणार नसेल तर अखेर पाय कापावा लागे. हे बदलणारे डॉ. चार्ल्स डॉटर शल्यचिकित्सक नव्हते, एक्स-रे विभागाचे प्रमुख होते.

कल्पना सुचली कशी?

बोस्टनमध्ये १९२० साली जन्मलेले डॉटर ३२व्या वर्षीच अमेरिकेतील पोर्टलँडच्या ओरेगन विद्यापीठ वैद्यकीय महाविद्यालयात रेडिओलॉजीचे विभागप्रमुख झाले. १९६३ मध्ये तपासणीसाठी घातलेली त्यांची कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, एका रुग्णाच्या ओटीपोटातील बंद धमनीतून नकळत आरपार गेली आणि मार्ग मोकळा झाला. चुकून झाले ते मुद्दाम का करू नये, हा विचार तिथून पुढे गेला.

१६ जानेवारी १९६४ रोजी काय घडले?

८२ वर्षांच्या एका महिलेच्या पावलाला गँगरीन झाले होते. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. तिने साफ नकार दिला. एक्स-रेमध्ये मांडीच्या धमनीचा छोटासा भाग अरुंद दिसत होता. डॉटर यांनी त्यातून आधी तार सरकवली, मग तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या नेल्या. थोड्याच वेळात थंडगार पाऊल उबदार झाले. पुढे जखम भरली आणि ती महिला अखेरपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली.

मग विरोध का झाला?

गिटारच्या तारांपासून उपकरणे बनवणाऱ्या आणि गिर्यारोहणाचे वेड असलेल्या या डॉक्टरांना ‘वेडा चार्ली’ म्हटले जाई. रेडिओलॉजिस्टने निदान करावे, उपचार आमच्यावर सोडावेत, अशी अनेक अमेरिकी शल्यचिकित्सकांची भूमिका होती. पद्धत रुजली ती युरोपात. झुरिचमध्ये आंद्रियास ग्रुंटझिग यांनी जाड नळ्यांऐवजी फुगा आणला. १९७४ मध्ये पायाच्या आणि १९७७ मध्ये हृदयाच्या धमनीत तो वापरला. डॉटर यांनी १९६९ मध्येच कुत्र्यांच्या पायांच्या धमन्यांत तारेची वेटोळी बसवून पाहिली होती. आजच्या स्टेंटची ती सुरुवात. १९७८ मध्ये त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले गेले, पुरस्कार मात्र मिळाला नाही. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज कोणते पर्याय आहेत?

चालताना पोटरी दुखते, थांबले की राहते, अशा टप्प्यावर तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद करणे, ठरवून रोज चालणे, रक्त गोठू न देणारी आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे यांपासून सुरुवात होते. तेवढ्याने भागले नाही तर फुगा किंवा स्टेंट. अडथळा लांबलचक असेल तर पायातीलच शीर वापरून बायपास करतात. फुग्याने उघडलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते, त्यामुळे तपासणी सुटत नाही. आडवे पडल्यावरही पाऊल दुखणे, बोट काळे पडणे किंवा न भरणारी जखम ही धोक्याची लक्षणे आहेत. तेव्हा पाय कापण्याच्या निर्णयाआधी धमन्यांची तपासणी झालीच पाहिजे.