खेळाचा जनक, पराभवांचा प्रशिक्षक

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ हा त्या देशातील सर्वांत यशस्वी महाविद्यालयीन संघांपैकी एक मानला जातो. या संघाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक असलेला प्रशिक्षक एकच झाला. तो म्हणजे साक्षात या खेळाचे जनक, डॉ. जेम्स नेस्मिथ. ५५ विजय आणि ६० पराभव ही त्यांची नोंद. तरीही त्यांना अयशस्वी म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. यश मोजण्याचे त्यांचे मापच निराळे होते.

६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, अल्माँट गावाजवळ नेस्मिथ यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी आई-वडिलांचे छत्र हरपले आणि नातेवाइकांकडे ते वाढले. मध्यंतरी शाळा सोडून त्यांनी जंगलात लाकूडतोडीचे कामही केले. पुन्हा शिक्षणाकडे वळल्यावर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून ते पदवीधर झाले आणि पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास पूर्ण केला. मात्र तरुणांचे चारित्र्य प्रवचनापेक्षा मैदानावर अधिक सहज घडू शकते, अशी त्यांची धारणा बनली होती. धर्मोपदेशकाचे पद न स्वीकारता ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

१८९१ च्या हिवाळ्यात तेथील १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग बंदिस्त व्यायामशाळेतील कवायतींना कंटाळला होता. विभागप्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथ यांना नवा खेळ शोधण्यासाठी १४ दिवसांची मुदत दिली. फुटबॉलसारखे मैदानी खेळ छपराखाली खेळवले की धक्काबुक्की होऊन मुले जखमी होत. तेव्हा चेंडू हातात घेऊन धावण्यासच त्यांनी मनाई केली. लक्ष्य डोक्याच्या वर ठेवले, म्हणजे ताकदीपेक्षा नेमबाजी महत्त्वाची ठरेल. व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकण्यात आल्या, १३ नियम लिहिले गेले आणि २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ जणांचे दोन संघ प्रथमच खेळले. वायएमसीएच्या शाखांमार्फत हा खेळ थोड्याच वर्षांत देशोदेशी पोहोचला.

दरम्यान नेस्मिथ यांनी डेन्व्हर येथे वैद्यकीय पदवी मिळवली आणि १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. प्रार्थनेची व्यवस्था आणि शारीरिक शिक्षण या दोन्ही जबाबदाऱ्या त्यांच्याकडे होत्या. नऊ हंगाम त्यांनी संघ सांभाळला. अनेकदा स्वतःच्याच संघाच्या सामन्यात ते पंच म्हणून उभे राहत. बास्केटबॉल हा खेळायचा खेळ आहे, तो शिकवण्याची काय गरज, असा त्यांचा सूर असे. डावपेचांपेक्षा विद्यार्थ्यांचे आरोग्य आणि वर्तन यांची त्यांना अधिक काळजी होती.

त्यांचाच विद्यार्थी फॉग अ‍ॅलन याला हे मत मान्य नव्हते. खेळाडू घडवता येतात आणि संघाने जिंकलेही पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. पुढे अ‍ॅलन यांनी कॅन्ससला ५९० विजय मिळवून दिले. बास्केटबॉलचा ऑलिम्पिकमध्ये समावेश व्हावा यासाठी त्यांनी आग्रह धरला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तो झाला. प्रशिक्षकांच्या संघटनेने निधी जमवून वृद्ध नेस्मिथ यांना तो सोहळा पाहण्यासाठी बर्लिनला पाठवले. मतभेद असूनही शिष्याने गुरूचे ऋण मानले.

दुसरा शिष्य जॉन मॅक्लेंडन. १९३३ मध्ये तो कॅन्ससला आला, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या संघाची दारे बंद होती. त्याला संघात खेळता आले नाही. नेस्मिथ मात्र त्याचे मार्गदर्शक झाले आणि पदवी मिळेपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहिले. याच मॅक्लेंडन यांच्या मार्गदर्शनाखाली टेनेसीच्या महाविद्यालयीन संघाने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. विद्यापीठाच्या जय-पराजयाच्या तक्त्यात या कामगिरीला जागा नाही. पण नेस्मिथ यांच्या शिकवणीचे हेच सर्वांत मोठे फळ म्हणावे लागेल.

या खेळातून नेस्मिथ यांनी संपत्ती जोडली नाही. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स येथे वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या १३ नियमांच्या मूळ टंकलिखित प्रतीला २०१० च्या लिलावात ४३ लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली. ती आता कॅन्सस विद्यापीठात जतन केलेली आहे. चेंडू कसा हाताळावा, प्रतिस्पर्ध्याला धक्का का देऊ नये, पंचांचे अधिकार कोणते, हे सारे त्या दोन पानांवर आधी येते. विजेता कोणाला म्हणावे, हे मात्र अगदी अखेरच्या, तेराव्या नियमात सांगितले आहे.