नदीतंट्यांना घटनेची वाट देणारे बाबासाहेब

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याबरोबर पाटबंधाऱ्यांचा विषयही सांभाळत. बंगाल-बिहारमधील दामोदर नदीची योजना त्यांनी पुढे नेली. राज्याराज्यांतील नदीतंट्यांच्या निवाड्यासाठी संसदेला कायदा करता यावा, ही अनुच्छेद २६२ ची तरतूद त्यांनी घटना समितीत मांडली.

१९५४ मध्ये भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत ते पराभूत झाले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यात, तर भंडारा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बाघ नदी दोन राज्यांची झाली. त्यानंतर ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

बाघ जिला मिळते त्या वैनगंगेसह गोदावरी खोऱ्याचे पाणीवाटप १९८० मध्ये लवादाने निश्चित केले. त्यामागे त्याच तरतुदीचे बळ होते.