पंडिता रमाबाई व पुणे शहर

ख्रिस्ती मनुष्याने उपासनेस जावे, सार्वजनिक गोष्टींत पडू नये, असे म्हणणारे बंधू आमच्या मंडळ्यांत पुष्कळ भेटतात. त्यांच्यापुढे आम्ही हे चरित्र ठेवितो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या घरी झाला. आईबाप व थोरली बहीण दुष्काळात मरण पावली. कलकत्त्यास विद्वानांनी त्यांस पंडिता ही पदवी दिली. विवाह झाला, आणि १८८२ साली वैधव्य आले. तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढिला, व हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर तयार करावे अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी विलायतेत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८८९ साली मुंबईस निघालेले शारदा सदन दुसऱ्या वर्षी पुण्यास आले. केस काढलेल्या बालविधवांस तेथे विद्या मिळे. ह्याच सदनातील गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांनी पुनर्विवाह केला. परंतु त्याच वर्षी, मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात म्हणून शहरात मोठा गलबला झाला. रानडे व भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळ सोडिले, आणि पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. बाईंनी प्रार्थनेचे दार लाविले नाही व कोणावर सक्तीही केली नाही.

१८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला. शिपाई घरोघर झडती घेत व रोग्यांस इस्पितळात नेत. तेथे स्त्रियांची अब्रू सांभाळली जात नाही, हे बाईंनी बाँबे गार्डियन ह्या ख्रिस्ती पत्रात उघड लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती, लिहिणारी ख्रिस्ती, आणि ज्यांच्यासाठी लिहिले त्या बहुतेक परधर्मी स्त्रिया. चार वर्षांपूर्वी ह्याच शहराने बाईंस दूर लोटले होते! पार्लमेंटात प्रश्न निघाला. गव्हर्नर साहेबांनी लेख खोटा ठरविला, तरी बाईंनी आपले शब्द मागे घेतले नाहीत. मोर्चाच्या वेळी पुढे होणारे पुष्कळ असतात. एकट्याने सही करून लिहिणे ही निराळी गोष्ट होय, असे आम्हांस वाटते.

त्याच सुमारास मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बाई स्वतः तिकडे गेल्या व निराधार मुली गोळा करून आणिल्या. प्लेगच्या नियमांमुळे त्यांस शहरात ठेविता येईना. तेव्हा केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या, आणि मुक्ती सदन झाले. गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील माणसे दीड हजाराच्या वर गेली. शेत, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींस बोटांनी वाचण्याची शाळा, अशी कामे तेथे चालत. भिक्षेचे अन्न कोणी खाऊ नये, असा बाईंचा कटाक्ष असे.

मनोरमाबाई १८२१ नव्हे, १९२१ साली, म्हणजे आईच्या आधी, निवर्तल्या. बाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर हाती घेतले होते. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी देह ठेविला. त्याचे खिळे सदनातील मुलींनीच जुळविले.