टॉमस बेविक : धातूची कोरणी लाकडावर रुळविणारा कलावंत

इंग्लंडच्या उत्तरेस, टाइन नदीच्या काठी चेरीबर्न नावाचे एक शेतघर आहे. तेथे १७५३ च्या ऑगस्टमध्ये टॉमस बेविकचा जन्म झाला. बाप शेती करी आणि कोळशाची एक लहान खाण चालवी. मुलाचे चित्त पाठांत नसे. खडू हाती लागला की घरातील फरशी आणि चर्चच्या आवारातील थडगी चित्रांनी भरून जात. १७६७ साली, चौदाव्या वर्षी, त्याला न्यूकॅसल येथील राल्फ बीलबी या कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवण्यात आले.

बीलबीच्या दुकानात चांदीची भांडी, घड्याळांच्या तबकड्या, शवपेटीवरचे पत्रे, कुत्र्यांचे पट्टे अशी धातूची कामे येत. लाकडाचे काम मालकाला आवडत नसे. ते तो उमेदवाराकडे ढकली. चार्ल्स हटनच्या क्षेत्रमितीवरील ग्रंथातील आकृत्या याच वाटेने बेविककडे आल्या, आणि या टाकाऊ समजलेल्या कामातच त्याला आपली वाट सापडली.

लाकडी ठसा पूर्वी उभ्या फळीवर सुरीने कापीत. शिरा आड येत, बारीक रेघ तुटे. बॉक्सवूडच्या खोडाचा आडवा छेद मात्र सर्वत्र सारखाच घट्ट असतो. त्यावर तांबे कोरण्याची पोलादी कोरणी चालते. ही युक्ती बेविकच्या आधीही ठाऊक होती. तिचे सामर्थ्य दाखविले त्याने. कोरणीची मूठ तळहातात धरायची, ठोकळा वाळूच्या चामडी उशीवर ठेवायचा, आणि वळणदार रेघेसाठी ठोकळाच फिरवायचा. कोरलेली रेघ कागदावर पांढरी राहते. न कोरलेला भाग शाई घेतो. दूरचे डोंगर फिके यावेत म्हणून तो ठोकळ्याचा तेवढा भाग आधी खरवडून किंचित खाली घेई.

तांब्याच्या पत्र्यावरील चित्र वेगळ्या यंत्रावर छापावे लागे. टाइपाच्या उंचीचा हा ठोकळा मजकुराबरोबर एकाच दाबात छापला जाई. चित्रांचे पुस्तक त्यामुळे स्वस्त होऊ शकले.

१७७६ साली तो लंडनला गेला. पण ते शहर त्याला मानवले नाही. १७७७ मध्ये परतून तो आपल्या जुन्या मालकाचाच भागीदार झाला. चिलिंगहॅमच्या रानबैलाचा त्याचा मोठा ठोकळा १७८९ साली थोड्याच प्रती निघताच तडकला; त्याने हाय खाल्ली नाही. १७९० साली चतुष्पाद प्राण्यांचा ग्रंथ निघाला, १७९७ आणि १८०४ साली पक्ष्यांचे दोन खंड. पहिल्या खंडाच्या श्रेयावरून बीलबीशी वाद होऊन भागीदारी संपली.

८ नोव्हेंबर १८२८ रोजी तो वारला. पुढे छायाचित्रावरून ठसे होऊ लागले आणि छापखान्यांतून हातकोरणी हळूहळू मागे पडली. परंतु जे काम मालकाला नकोसे होते, त्यातूनच सामान्य घरात चित्र पोचले. आणि हंसाच्या एका जातीला पक्षिशास्त्रज्ञांनी या कारागिराचे नाव दिले.